किरकोळ गुन्ह्याची केस लागली तर: ठाण्यापासून कोर्टातल्या शेवटच्या पेशीपर्यंत

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक सल्ला रोज फुकट मिळतो. "कबूल करून टाक ना भाऊ. हजार-पाचशे दंड होईल, मोकळा होशील." देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला तारखांची कटकट दिसत असते, वकिलाची फी दिसत असते. पण दंड ही शिक्षाच आहे आणि शिक्षेआधी दोषसिद्धी असते. पुढे पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा कागद) 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' हा रकाना भरायची वेळ येते, तेव्हा हा सल्लागार कुठेच नसतो.

मारामारी, शिवीगाळ, दारू, जुगार, बेदरकार गाडी, छोटी चोरी अशा प्रकरणांत तुरुंगात जाण्याची वेळ फार कमी जणांवर येते. त्रास होतो तो घाईत केलेल्या सहीचा, चुकवलेल्या तारखेचा आणि अर्जात लपवलेल्या माहितीचा. म्हणून कोणत्या टप्प्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी: एनसी की एफआयआर?

"माह्यावर केस लागली" म्हणत माणूस येतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, कागद कोणता आहे? निम्म्या वेळा ती एनसी निघते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ मध्ये आहे. तक्रारदाराला पोलीस कोर्टात जायला सांगतात. बहुतेक जण जात नाहीत आणि प्रकरण तिथेच थांबतं.

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्हा. यात तपास होतो, पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब होतात आणि शेवटी दोषारोपपत्र किंवा समरी अहवाल (प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) कोर्टात जातो. फिर्यादीला प्रत फुकट मिळते. आरोपीलाही ती मिळवता येते, कारण संवेदनशील प्रकरणं सोडली तर एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून तो शोधा. कलमं वाचल्याशिवाय कुणाचाही सल्ला घेऊ नका, माझाही नको.

घटनेची तारीखही बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. गुन्हे आणि शिक्षा त्यात आहेत. त्याआधीची घटना असेल तर गुन्हा जुन्या भारतीय दंड विधानाखालीच येतो. ठाण्यातला मुन्शी अजून सवयीने "तीनशे तेवीस" म्हणतो आणि कागदावर ११५(२) असतं. दोन्ही एकच.

कलमाचा आकडा छोटा दिसतो, फरक मोठा असतो

पार्किंगवरून दोन शेजाऱ्यांचं जुंपलं असं धरा. एकाने दुसऱ्याला थापड मारली, तर कलम ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र आणि जामीनपात्र. आईबहिणीवरून शिव्या देऊन भडकवलं तर ३५२, "पाहून घेतो तुले" म्हणून धमकावलं तर ३५१(२). दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दोन्ही अदखलपात्र. इथवर एनसी.

त्याच भांडणात एकाने गाडी आडवी लावून दुसऱ्याची वाट अडवली, तर १२६(२) लागतं. त्याची शिक्षा एक महिना साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, म्हणजे सगळ्यात हलकी, पण कलम दखलपात्र आहे. त्यामुळे एफआयआर होतो. कुणाच्या हातात धोकादायक हत्यार आलं तर ११८(१), तीन वर्षांपर्यंत आणि दखलपात्र. भांडण दोन मिनिटांचं असतं, पण काठी उचलली की नाही यावर पुढची काही वर्षं ठरतात. मार तुम्हालाही बसला असेल, तर त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या आणि नोंद करायला सांगा. चार दिवसांनी दाखवलेल्या सुजेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

एका कलमाची धास्ती मात्र जरूर बाळगा. व्हरायटी चौकात ट्रॅफिकवाल्याने अडवलं, चलान चुकीचं वाटलं आणि रागात त्याच्या हातातलं मशीन ओढलं किंवा छातीला धक्का दिला, तर ५०० रुपयांच्या चलानाचं रूपांतर कलम १३२ मध्ये होतं: लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. दोन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र आणि अजामीनपात्र. चलानाविरुद्ध नंतर तक्रार करता येते. धक्का परत घेता येत नाही.

दारू, पत्ते, गाडी

हेल्मेट नसल्याचं ई-चलान भरलं म्हणजे आपल्या नावावर गुन्हा चढला का, असं पोरं घाबरून विचारतात. नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ती तडजोडीची रक्कम असते. ती भरली की त्या उल्लंघनाबद्दल पुढची कारवाई होत नाही.

पिऊन गाडी चालवणं वेगळं. कलम १८५ त्या तडजोडीच्या यादीत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की प्रकरण कोर्टात जातं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंड भरून आलात तर तुम्ही दोषी ठरलेले असता. आदल्या रात्री फुटाळा तलावावर गंमत म्हणून घेतलेल्या दोन बिअरची ही किंमत पुष्कळांना कोर्टातून बाहेर पडल्यावर कळते.

नागपूरकरांना आणखी एक खड्डा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बुटीबोरीच्या पुढे हद्द बदलली की डिक्कीतली बाटली दारूबंदी कायद्याचा मुद्देमाल होते, मग ती नागपुरात बिलासकट घेतलेली का असेना. लग्नाला निघालेली वऱ्हाडी मंडळी यात हमखास सापडतात. बाटलीबरोबर गाडीही जप्त होते. ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाने मागितली की हजर करण्याच्या हमीवर, सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागतो. गाडी भाड्याची किंवा मित्राची असेल, तर अर्ज मालकाच्या नावाने आणि आरसी बुकासह करावा लागतो. गडचिरोलीकडे जातानाही हेच लक्षात ठेवा.

पोळा-दिवाळीच्या दिवसांत ताशपत्त्यांवर धाडी पडतात. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या या केसेसमध्ये कबुली देऊन सुटणाऱ्यांची संख्या सगळ्यात मोठी असते. दहा जण एका रांगेत उभे राहतात, दहाही "कबूल" म्हणतात आणि अर्ध्या तासात घरी जातात. त्यातला एखादा पंचविशीचा, परीक्षेची तयारी करणारा असेल, तर त्याने त्या रांगेत उभं राहू नये. बाकीच्या नवांचं गणित वेगळं असतं.

ठाण्यातून बोलावणं आलं

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते. अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे बजावलं. अटकेची गरज नसेल तर पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. तिचं पालन करत राहिलात, तर सहसा अटक होत नाही. तरीही करायची झाली, तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगीही लागते.

ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून बजावणी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलं. पण मेसेज आला तर तो पुसून गप्प बसण्यात शहाणपण नाही. ठाण्यात जाऊन कागदी नोटीस मागा, तिची पोच द्या आणि स्वतःकडे फोटो ठेवा.

जाताना आधार कार्डाची प्रत घ्या, घरच्या एकाला ठाण्याचं नाव आणि अधिकाऱ्याचं आडनाव सांगून निघा. सीताबर्डी, धंतोली, सक्करदरा, ठाणं कोणतंही असो, आत गेल्यावर नियम तेच. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, कायदाच तसं म्हणतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. पंचनामा, अटकेचा मेमो, नोटिशीची पोच यांवर सही लागते. ती वाचून करा, खाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा. "कोऱ्या कागदावर एक सही दे, नंतर भरतो" असं म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा. आवाज चढवू नका, वर १३२ चं सांगितलंच आहे.

अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि वैद्यकीय तपासणी करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तपासणीत डॉक्टर "काही त्रास?" असं विचारतात, तेव्हा मार बसला असेल तर तिथेच सांगा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अपवादात्मक परिस्थिती सोडून अटक करता येत नाही. अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते.

जामीन: पैसा कमी, कागद जास्त

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७८). ठाणेदार स्वतः ठाण्यातूनच सोडू शकतो. जामीनदार मिळत नसेल आणि माणूस गरीब असेल, तर त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचं असतं. आठवड्यात जामीनदार देता आला नाही, म्हणजे तो निर्धन आहे असं धरायचं, असं त्याच कलमात लिहिलं आहे. ही तरतूद माहीत नसल्यामुळे किरकोळ प्रकरणातले लोक वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात पडून राहतात.

अजामीनपात्र असेल तर अर्ज कोर्टापुढे करावा लागतो. जामीनदाराकडून ओळखपत्र, रेशन कार्ड आणि ऐपत दाखवणारं काहीतरी लागतं: घरटॅक्सची पावती, सातबारा किंवा पगारपत्रक. आदल्या रात्रीच हे गोळा करा, कारण कोर्टात दुपारी तीननंतर "उद्या या" ऐकायला मिळतं. आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतात. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली तर जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा.

वकील परवडत नसेल तर न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मोफत म्हणजे हलका, हा समज सोडा. काही वकील तिथे जीव ओतून काम करतात. काही नाही करत, पण ते पैसे घेणाऱ्यांतही असतंच.

चॅप्टर केस

एनसीनंतर काही दिवसांनी सहायक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातून नोटीस येते आणि घरात रडारड सुरू होते. ही चॅप्टर केस. भांडण पुन्हा होऊन शांतता बिघडू नये म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली (वाट अडवण्याचं १२६(२) वेगळं, ते न्याय संहितेतलं) एक वर्षापर्यंतचं बंधपत्र घेतात. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने हे काम सहायक आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून करतात. ग्रामीण भागात ते तहसीलदारांकडे असतं.

यात दोषसिद्धी नसते. तरी नोटिशीला लेखी उत्तर द्या: भांडण काय होतं, मिटलं का, तुमची बाजू काय. सही करून मोकळं होण्याची घाई इथेही नडते, कारण बंधपत्राच्या मुदतीत पुन्हा भांडण झालं तर रक्कम जप्त होऊ शकते, कोठडीही लागू शकते. अशा नोंदी साचत गेल्या, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपारीच्या प्रस्तावात त्याच दाखवल्या जातात. तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते.

पेशीचा दिवस

समन्स आलं की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा. ई-कोर्ट्स अॅपवर त्यावरून पुढची तारीख कळते. तारीख चुकली तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामिनावर असून गैरहजर राहणं हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. येता येत नसेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. दुसऱ्या दिवशी दिलेल्या कारणाला फारशी किंमत नसते.

पहिल्या-दुसऱ्या पेशीत न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" याच क्षणासाठी हा सगळा लेख लिहिला. "कबूल" म्हटलं की दोषी ठरवून शिक्षा होते. कबुलीवर दोषी ठरल्यावर अपील जवळजवळ बंदच होतं, फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा तिची वैधता यावर भांडता येतं. उत्तर देण्यापूर्वी पुढचे रस्ते विचारात घ्या.

पहिला, तडजोड. साधी दुखापत, धमकी, अपमान, वाट अडवणं, अब्रुनुकसानी, अगदी साधी चोरीसुद्धा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली मिटवता येते. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. हे फार थोड्यांना माहीत असतं. समोरचा शेजारी राजी असेल तर लोकअदालतीत एका दिवसात काम होतं. तडजोडीच्या यादीत नसलेलं कलम असेल आणि दोघांचं पटलं असेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून मागता येतो. खर्च जास्त, पण नोकरीचा प्रश्न असेल तर विचार करण्याजोगा.

दुसरा, मुदत. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने एका वर्षानंतर घ्यायची नसते, नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात सहा महिन्यांनंतर. उशीर माफ करून घेता येतो, पण कारण द्यावं लागतं. दोषारोपपत्र कधी दाखल झालं ती तारीख वकिलाला मुद्दाम तपासायला लावा.

तिसरा, पुराव्यावर लढणं. जुगार-दारूच्या केसमध्ये पंच कोर्टात उलटतात, मुद्देमालाचं सील जुळत नाही, असं होत असतं. वेळ लागतो, हे खरं.

चौथा, पुरावा पक्का असेल तर. अशा वेळी कोरडी कबुली न देता अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागा. न्यायाधीश ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात. त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही आणि नोकरी देणारा ती विचारात घेऊ शकतो. हा लाभ कोर्ट स्वतःहून देईलच असं नाही, मागावा लागतो. नव्या न्याय संहितेत सामुदायिक सेवेची शिक्षाही आली आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा (कलम ३५५), अब्रुनुकसानी, ५,००० रुपयांखालची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, अशा मोजक्या प्रकरणांत ती देता येते. ती विनामोबदला असते आणि तीही शिक्षाच.

नोकरी आणि पासपोर्ट

साक्षांकन नमुन्यात गुन्हा दाखल झाला, अटक झाली, खटला चालू आहे, निर्दोष सुटलो, दोषी ठरलो, असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाला खरं उत्तर लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतारसिंग निकालाप्रमाणे खरी माहिती दिली तरी नेमणूक हक्काने मिळत नाही, पण किरकोळ स्वरूपाचं प्रकरण असेल तर नियोक्त्याने ते लक्षात घ्यायचं असतं. लपवलं तर लपवणं हाच स्वतंत्र मुद्दा होतो. केस किरकोळ होती आणि माणूस निर्दोष सुटला होता, तरी 'नाही' लिहिल्यामुळे नोकरी गेली, असं घडतं. कोणता प्रश्न नेमका काय विचारतो ते दोनदा वाचा. चॅप्टर केसबद्दल विचारलं असेल तर ती लिहा, फक्त दोषसिद्धीबद्दल विचारलं असेल तर तेवढ्याचंच उत्तर द्या.

पासपोर्टसाठी एफआयआर असणं आणि कोर्टात खटला प्रलंबित असणं यात फरक आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ) मध्ये फौजदारी न्यायालयापुढच्या प्रलंबित कार्यवाहीचा उल्लेख आहे. खटला सुरू असला तरी रस्ता बंद नाही. १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर तो एका वर्षाचाच निघतो, म्हणून अर्जात मुदत स्पष्ट मागा. दुबईला नोकरीची तारीख ठरल्यावर पळापळ करण्यापेक्षा समन्स आल्याच्या महिन्यातच हा अर्ज टाकावा.

आरोपी अठराच्या आतला असेल तर

त्याला कोठडीत ठेवता येत नाही. किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआरही होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. दोषसिद्धीची अपात्रताही सहसा लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्म दाखला ताबडतोब ठाण्यात द्या, वय ठरवण्यात पहिली रात्र कोठडीत जाऊ देऊ नका.

प्रकरण संपल्यावर

निकालाच्या दिवशी सगळे पेढे वाटायला जातात, नक्कल विभागात कुणी जात नाही. निकालाच्या दोन प्रमाणित प्रती काढा. एक घरात ठेवा आणि एक जोडून संबंधित ठाण्याला लेखी अर्ज द्या, की अमुक गुन्हा क्रमांकात निर्दोष सुटलो, नोंद अद्ययावत करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तपासातच प्रकरण संपलं असेल, तर पोलिसांनी कोर्टात दिलेल्या समरीची प्रत मागा: 'ब' म्हणजे तक्रार खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. चारित्र्य पडताळणीला ऑनलाइन अर्ज करताना ही प्रत सोबत जोडा, नाहीतर जुनी नोंद बघून पडताळणी करणारा हवालदार पुन्हा घरी येतो आणि तोच प्रश्न नव्याने विचारतो.